जावई सायकलवरून उतरेना

नाथाजी जगदाळे लढाईवरून परत आला तेव्हा गावाला वाटलं होतं, गडी एखादी ट्रंक आणेल, गरम कोट आणेल, फार तर इटलीतल्या बायांच्या दोनचार चुरचुरीत हकिकती आणेल. त्यानं सायकल आणली. पुण्याच्या छावणीतला एक गोरा कप्तान विलायतेला परत निघाला, त्यानं जाताना खूश होऊन दिली, असं नाथाजी सांगायचा. कप्तानाचा गुडघा तिच्यापायीच मोडला होता, हे तो सांगायचा नाही.

सायकल शर्यतीची होती. तिला ब्रेक नव्हता, घंटी नव्हती, मडगार्ड नव्हतं. मागचं चाक आणि पायडल यांची अशी पक्की सोयरीक, की चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. साध्या सायकलीवर माणूस उतार लागला की पाय सोडून निवांत बसतो. हिच्यावर ती सोय नाही. उताराला ही बया बसणाऱ्याचेच पाय गरागरा फिरवायची. पाय निसटला तर पायडल नडगीवर असं बसायचं, की शेजारच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागत. म्हणून पायडलांना पुढं लोखंडी पिंजरे होते. त्यात चवडा घालायचा आणि वरून कातडी पट्टा आवळायचा. मग पाय मागं रेटून वेग कमी करता यायचा. कप्तानाच्या पट्ट्याला चाप होता, अंगठ्यानं उडवला की पाय मोकळा.

एका पावसाळ्यात ते पट्टे कुजले. नाथाजीनं काय करावं? गोठ्यात बैलाची जुनी सापती पडली होती, जुवाला बैलाची मान बांधतात तो पट्टा. तिच्या त्यानं दोन वाद्या कापल्या, पिंजऱ्यातून ओवल्या आणि हाताला जी गाठ येत होती ती मारली. जन्मभर बैल जुंपलेला हात. त्याला येऊन येऊन कुठली गाठ येणार? बैल जितकी ओढ घेईल तितकी आवळणारी. नाथाजीनं स्वतःला सायकलीला जुंपून घेतलं होतं, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

ध्यानात आलं पहिल्यांदा थांबायची वेळ आली तेव्हा. ती गाठ सोडायला दोन्ही हात लागत, आणि दोन्ही हात सोडले की सायकल आडवी. शेवटी त्यानं युक्ती काढली. गोठ्याच्या कोपऱ्यात पाठ भिंतीला आणि खांदा मेढीला, म्हणजे छपराच्या त्या जाड खांबाला, टेकवून उभं राहिलं की दोन्ही हात मोकळे. तिथंच बांधून निघायचं, तिथंच येऊन सुटायचं. मधे जग बुडालं तरी उतरायची सोय नाही.

आता ही गोष्ट चारचौघांत सांगायची कशी? लढाईवरून आलेला गडी! नाथाजीनं त्याचं ब्रीद करून टाकलं. चावडीवरून जाताना कुणी हाक मारली, "आरं नाथा, उतर की, पान खा," की हा मान ताठ ठेवून ओरडायचा, "शर्यतीचा गडी वाटंत उतरत नसतो!" आणि पुढं जायचा. गावाला ते पटलं. काही पोरं तर चालतानाही वाटेत थांबेनाशी झाली.

पटलं नाही ते त्याच्या बायकोला, बनाबाईला. आणि तिला पटायचं कारणही नव्हतं.

झालं असं. वडूजच्या बाजारातून बना चार बायांबरोबर परत येत होती. डोक्यावर कांद्याची पाटी, पायाखाली तापलेला फुफाटा. मागून सायकल येताना दिसली तशी ती बायांना म्हणाली, "आमचं मालक आलं बगा. आता मी जाती फुडं सायकलीवर बसून. तुमी या सावकास." बायांनी पदर सावरून रस्ता दिला. बनानं पाटी उतरवून काखेत घेतली आणि वाटेत उभी राहिली. नाथाजीनं तिला पाहिलं, तिनं नाथाजीला पाहिलं. आणि तो तिला वळसा घालून, "व्हय बाजूला!" म्हणत, तिच्या तोंडावर धूळ उडवून निघून गेला. मागं बाया अशा हसल्या, की एकीची पाटी कलंडली आणि कांदे उतारानं नाथाजीच्या मागं धावत गेले. तेवढेच त्याच्यामागं गेले.

घरी आल्यावर बनानं एकच विचारलं, "का थांबला न्हाईसा?"

खरं सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती आणि विषय मिटला असता. पण नाथाजीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "शर्यतीचा गडी वाटंत उतरत नसतो."

बनानं तव्यावरची भाकरी तव्यावरच ठेवली आणि माहेरचा रस्ता धरला.

नाथाजी पुढं करपलेल्या भाकरी खाऊन रोडावला. मग एक दिवस मेंढरं घेऊन फिरणारा धुळा सासऱ्याचा निरोप घेऊन आला. "लालासाहेबांनी सांगितलंय, जावयाला बायकू पायजे आसंल तर सोता यावं, चार मान्सांत इचारावं आनि न्यावं. आखितीचा सण झाला की फुडं पोरगी धाडायची न्हाई."

"उद्याच जातो," नाथाजी म्हणाला. "चालत."

"चालत?" धुळ्यानं काठीवर हनुवटी टेकवली. "घरात इलायती सायकल, आन् सासुरवाडीला चालत? लोकं म्हंतील, इकून खाल्ली."

चालत गेला असता तर ही हकिकत इथंच संपली असती. पण नाथाजीनं दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसलं, मेढीला टेकून पाय बांधले आणि निघाला. सासुरवाडीत उतरायचं कसं, याचा विचार त्यानं वाटेवर ढकलला, आणि वाट कुठं विचार करते?

लालासाहेबांचं अंगण मोठं होतं. मधोमध लिंबाचा पार, बाजूला सोडलेली बैलगाडी. लालासाहेब म्हणजे मिशीला तूप लावून मगच घराबाहेर पडणारा माणूस. ते सोप्यात चार पाव्हण्यांत बसले होते. नाथाजी अंगणात शिरला आणि टेकायला काही सापडेना, म्हणून पाराला वळसा घालायला लागला.

"राम राम, पाव्हणं!" लालासाहेब उठून उभे राहिले.

"राम राम, मामा!" म्हणत नाथाजी पारामागं गेला.

तो पुढून पुन्हा उगवल्यावर लालासाहेबांनी विचारलं, "घरी समदी बरी हायती?"

"बरी हाय—" उरलेलं पारामागं राहिलं.

"आवं, पाऊसपानी?"

"न्हाई अजून!"

"मारुतीला प्रदक्षिणा घालतोय जणू," एक पाव्हणा म्हणाला. पारावर मारुती नव्हता, पण पुढच्या फेरीला सगळ्यांनी हात जोडले. तेवढ्यात नाथाजीनं जीव एकवटून बैलगाडीचा कठडा धरला. सायकल थांबली. तो एका हातानं गाडीला लोंबकळत, सायकलीवर ताठ बसून राहिला.

"उतरा की," लालासाहेब म्हणाले.

नाथाजीनं पाय खाजवल्यासारखं करून एका हातानं गाठ चाचपली. गाठ दगड झाली होती. "ऱ्हाऊ द्या मामा. बरं हाय असं."

पाव्हणे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. सासऱ्यापुढं जावई वाहनावरून उतरत नाही, म्हणजे काय समजायचं? त्या भागात याचा एकच अर्थ होतो: जावई मानासाठी अडून बसलाय. लग्नात काहीतरी राहिलंय, ते मिळाल्याशिवाय पाय भुईला लावणार नाही.

सासू राहीबाई लगबगीनं तांब्या घेऊन आली. "पाय भुईला लावत न्हाईत तर ऱ्हाऊ द्यात. आमी हितंच धुतो." आणि नाथाजी "नको, नको मामी" म्हणेतो तिनं पायडलांसकट दोन्ही पायांवर पाणी ओतलं. कातडं भिजलं, गाठीत पाणी मुरलं. आता ती बैलाचा बाप आला तरी सुटणार नव्हती.

"फेटा आना," लालासाहेब घरात ओरडले. फेटा आला. त्यांनी स्वतः सायकलीजवळ जाऊन जावयाच्या डोक्याला गुंडाळला. "आता उतरा."

"न्हाई जमत, मामा."

लालासाहेबांनी "जमत नाही" हे "पुरत नाही" असंच ऐकलं. मग कानाला धरून एक शेळी आणली. नाथाजीनं शेळीकडं पाहिलं, शेळीनं भिजलेली वादी चाटली. त्याच्या डोळ्यांत आशा चमकली. पण चव न आवडून ती बाजूला झाली.

एव्हाना अर्धं गाव अंगणात जमलं होतं. "शेळीवर भागायचं न्हाई," एक म्हातारा म्हणाला. "मिलट्रीतला हाय त्यो." दुसरा म्हणाला, "माझ्या मेव्हण्यानं घोड्यावरनं उतरायला म्हैस घेतल्याली." लालासाहेबांच्या मिशीवरचं तूप वितळायला लागलं. गावादेखत माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "तांबडी कालवड सोडा," ते म्हणाले. राहीबाईनं पदर तोंडात घातला. ती कालवड तिची लाडकी होती.

कालवड सायकलीच्या पुढच्या चाकाला बांधली. नाथाजीच्या डोक्यावर फेटा, उजवीकडं शेळी, समोर कालवड, आणि उन्हानं डोक्यात घणघण. घ्यायचं म्हटलं तरी उतरता येत नव्हतं, नको म्हटलं की आणखी काहीतरी येत होतं. "मामा, मला कायबी नको! मी बनाला न्यायला आलोय!"

"मग उतरून इचारा की चार मान्सांत!"

"शर्यतीचा गडी..." नाथाजीनं सुरुवात केली आणि तोंड मिटलं. कारण दारात बना उभी होती.

ती पायरी उतरून आली. कालवडीला बाजूला सारलं आणि वाकून त्याच्या पायांकडं पाहिलं. बैल तिनंही जुंपले होते. ती गाठ तिनं लगेच ओळखली. ती ओलं कातडं दोन बोटांनी दाबत राहिली, मग मान वर करून हळूच म्हणाली, "तवा वडूजच्या वाटंवर बी आसंच हुतं?"

नाथाजीनं नुसती मान हलवली.

"मान हालवून मला कळतंय. त्या हसल्याल्या बायास्नी कळत न्हाई. मोठ्यानं सांगा."

"बने, समदं गाव हाय हितं."

"त्या दिशी बी रस्ता मोकळा नव्हता."

नाथाजीनं आभाळाकडं पाहिलं. जर्मनांच्या तोफांपुढं न फुटलेला घाम त्याच्या फेट्यातून गळायला लागला. मग तो असा ओरडला, की पारावरचे कावळे उडाले. "मला उतरता येत न्हाई! बैलाची गाठ मारलीया! थांबता बी येत न्हाई! कवाच येत नव्हतं!"

 राहीबाई आधी हसली, कारण कालवड वाचली होती. तिच्यामागून अंगण फुटल्यासारखं हसलं. लालासाहेबांनी हसू मिशीत दाबलं आणि विळा मागवला. "कापून टाका त्या वाद्या. जावई भुईवर येऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या, आबा," बना म्हणाली. "पाय मोकळं झालं की पुन्ना काय बोलतील सांगता यायचं न्हाई. हायती तसंच नेती मी."

राहीबाईनं चाकाची कालवड सोडून घेतली. बनानं आतून आपलं बोचकं आणलं, नाथाजीच्या पाठीला बांधलं आणि स्वतः पुढच्या दांडीवर आडवी बसली. लालासाहेबांनी मागून रेटा दिला. रेटा जरा जास्तच होता. त्यात कालवडीचा हिशेब असावा. फेटा तेवढा नाथाजीच्या डोक्यावर राहिला, कारण काढायला हात मोकळे नव्हते.

वाट वडूजवरून होती आणि बाजाराचा दिवस होता. नाथाजी म्हणाला, "मागल्या वाटंनं जाऊ, बने."

"हँडल सरळ धरा," बना म्हणाली.

पेठेच्या तोंडालाच तिनं हात वर केला आणि शेतातली पाखरं हाकलताना काढतात तसा आवाज काढला. "सरका! बाजूला व्हा! ह्यास्नी थांबता येत न्हाई! पाय बांधल्यात!"

भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. त्यांच्यात त्या चार बायाही होत्या. नाथाजीनं मान खाली घातली, पण पायांना कसली आली लाज? ते आपले गोल गोल फिरत राहिले. बना दांडीवर अशी बसली होती, जणू अंबारीत.

पेठ संपता संपता मेंढरं आडवी आली. धुळा काठी टेकून उभा होता. त्यानं सवयीनं हाक मारली, "नाथाजी, उतर की जरा! तमाकू खाऊ!"

बनानं मागं वळून नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. नाथाजीच्या ओठांवर ते जुनं वाक्य आलं होतं, तिला दिसलं. त्यानं ते गिळलं.

"घरी ये, धुळा!" तो मेंढरांतून वाट काढत ओरडला. "मेढीला टेकल्याबिगर उतरता येत न्हाई मला!"