लॅडी कुबिचेक चौथ्या इनिंगला उठून जायचा

रंगभूमीवर मी एकतीस वर्षं काढली. आमची कंपनी तंबूतली. मक्याच्या कापणीनंतर नेब्रास्काभर हिंडायचं, संध्याकाळी राणी व्हायचं आणि सकाळी खुंट्या उपटायच्या. टेलिव्हिजन आला, तंबू विकला गेला, आणि मी बहिणीच्या गावी, दुबेकला, येऊन राहिले. आवाज तेवढा शाबूत होता. गावाने तो वाया जाऊ दिला नाही. बेसबॉलच्या मैदानात, वरच्या लाकडी खोलीत मला माईकसमोर बसवलं. कोण बॅटिंगला आला, कोण बाद झाला, हे मी लोकांना सांगू लागले, तेही राणीच्याच थाटात.

आयुष्यात पाहिलेला सगळ्यात मोठा नट मला तिथे भेटला. त्याने कधी तोंडाला रंग लावला नव्हता. लॅडी कुबिचेक त्याचं नाव. आठवडाभर तो पेंडीच्या दुकानात पोती उचलायचा, आणि शनिवार-रविवार एका मोठ्या शहरातल्या व्यावसायिक संघासाठी खेळाडू हेरायचा. जूनमध्ये ड्राफ्ट असतो. सगळे संघ फोनवर पाळीपाळीने, फेरीमागून फेरी, हौशी पोरांची नावं उचलतात. ज्याने नाव आधी घेतलं, पोरगा त्याचा. म्हणून लॅडीसारखी माणसं वसंतभर गावोगावची मैदानं धुंडाळतात आणि आपल्या संघाला अहवाल पाठवतात. सव्वीस वर्षांत लॅडीने सुचवलेला एकही पोरगा मोठ्या संघापर्यंत पोचला नव्हता. त्या वर्षी संघाने कळवलं होतं की पुढच्या मोसमापासून त्याची गरज नाही. म्हणजे हा शेवटचा ड्राफ्ट.

लॅडीचा एक नियम होता. तो त्याला ठेच लागून सुचला होता. ड्राफ्ट सुरू झाला त्या पहिल्याच वर्षी एका पोराची फेक पाहून तो बाकावर उभा राहून ओरडला होता. शेजारी दुसऱ्या संघांचे पारखी बसले होते. त्यांनी पोराकडे पाहिलंसुद्धा नाही, लॅडीकडे पाहिलं, आणि आठवड्याने पोरगा त्यांच्यातल्या एकाने उचलला. तेव्हापासून मनात भरलेल्या खेळाडूसमोर लॅडी जांभई द्यायचा. बुटाची नाडी बांधायचा. आणि पोरगा फारच आवडला, तर नऊ इनिंगच्या सामन्यात चौथ्या इनिंगलाच टोपी घालून सरळ घरी चालता व्हायचा. पोराशी एक शब्द बोलायचा नाही.

मार्विन स्वाटोश अठरा वर्षांचा. मैदानाच्या डाव्या अंगाला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहायचा. मे महिन्यात एका दुपारी चेंडू त्याला ओलांडून गवतात गेला. हा पाठमोरा धावला, गुडघ्यावर घसरला, आणि घसरता घसरताच, उभं न राहता, त्याने चेंडू फेकला. पार पलीकडच्या टोकाला. ताणलेल्या दोरीवरून सरकावा तसा चेंडू सरळ पहिल्या बेसवरच्या हातमोज्यात जाऊन बसला. धावणारा अजून दोन पावलं लांब होता, म्हणजे बाद. माझ्यासमोर माईक चालू होता, आणि मला शब्द फुटेना. एकतीस वर्षांत मी कधी वाक्य विसरले नव्हते.

मी लॅडीकडे पाहिलं. तो उकडलेलं अंडं सोलत होता. शांतपणे सोलत राहिला. मग माझ्या लक्षात आलं की अंडं त्याने शर्टाच्या खिशात ठेवलंय आणि टरफल चावतोय. चौथी इनिंग संपली तसा तो उठला आणि निघून गेला.

मार्विनच्या आणखी दोन सामन्यांना तो आला. दोन्ही वेळा चौथ्या इनिंगला गेला.

ड्राफ्ट मंगळवारी होता. आदल्या रविवारी मी कॉफी घ्यायला खाली उतरले. मार्विनची आई लिबी टपरीवर खसखस भरलेले कोलाची पाव विकत होती. तिचे डोळे सुजलेले दिसले.

"काय गं, झोपली नाहीस?"

"आजचा त्याचा शेवटचा सामना, मिस बर्नीस. संपला की नौदलाची गाडी फाटकाशी येणार आहे. उद्या सकाळी सही करतोय."

"आणि मंगळवार?"

"कसला मंगळवार! म्हणतो, आई, तो गवती टोपीवाला तीनदा आला आणि तीनदा अर्ध्यातून उठून गेला. त्याला एवढं कळतं, तर माझ्यात काही नाही हेही कळत असणारच."

कॉफी तिथेच ठेवून मी वर आले. लॅडी माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसला होता, मान खाली, नाडी बांधत. मी सगळं सांगितलं. नाडी त्याच्या हातातच राहिली.

"माझं नाटक इतकं चांगलं होतं?"

"माझ्यापेक्षा चांगलं," मी म्हटलं. "जा, सांग त्याला."

त्याने खाली नजर टाकली. तिसऱ्या रांगेत परक्या संघांचे दोन पारखी वह्या मांडून बसले होते. ते दुसऱ्याच कुणासाठी आले होते.

"मी त्याच्याकडे गेलो की हे वास काढणार, राणीसाहेब. माझ्या संघाने त्याला चौथ्या फेरीत घ्यायचं ठरवलंय. आधी घ्या म्हटलं, तर ऐकत नाहीत. या दोघांना कळलं तर चौथी फेरी यायच्या आत पोरगा गेला."

"मग मी जाऊन कानात सांगते."

"तू? तू नटी. तुझ्यावर कोण विश्वास ठेवील?"

"मग बस नाडी बांधत! पोरगा बोटीवर बटाटे सोलील, आणि तुझं गुपित तेवढं सुरक्षित राहील."

खाली मार्विन हातमोज्यावर मूठ आपटत आपल्या जागेकडे चालला होता. चौथी इनिंग सुरू व्हायची होती. लॅडी उठला. मला वाटलं, सवयीने निघाला घरी. तो पायऱ्या उतरला, तिसऱ्या रांगेतल्या दोघांच्या पुढून गेला आणि जाळीला जाऊन टेकला.

"ए स्वाटोश! इकडे ये!"

मार्विन गोंधळून जाळीशी आला. पंचांनी कमरेवर हात ठेवले.

"मी लॅडी कुबिचेक. सव्वीस वर्षं पोरं बघतोय. तू गुडघ्यावरून टाकलास ना, तसा चेंडू मी जन्मात पाहिला नाही. मी उठून जायचो कारण मला चेहरा कोरा ठेवता येत नव्हता. कळलं?"

"म्हणजे... तुम्हाला आवडलं होतं?"

"आवडलं? अरे, मी अंड्याचं टरफल खाल्लं! ती नौदलाची गाडी परत पाठव. जा, खेळ आता."

आणि त्याने टोपी काढून हातात धरली. उरलेल्या सहाही इनिंग तो तिथेच उघड्या डोक्याने उभा राहिला. तिसऱ्या रांगेतला एक पारखी वही मिटून उठला आणि टपरीमागच्या फोनकडे गेला. मला वरून सगळं दिसत होतं. लॅडीलाही दिसलं असणार. त्याने मान वळवली नाही.

मंगळवारी मी पेंडीच्या दुकानात जाऊन बसले. दुपारी फोन वाजला. लॅडीने ऐकलं, "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

"दुसऱ्या फेरीत गेला," तो म्हणाला. "त्या वहीवाल्याने उचलला."

सव्वीस वर्षांतला तो एकच, आणि लॅडीने तो आपल्या हाताने देऊन टाकला होता. दुकानात दोन शेतकरी होते, मालक होता. मालकाने विचारलं, "एवढं काय होतं रे त्या पोरात?"

लॅडीने त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं असा प्रश्न आला की तो जांभई द्यायचा. आता दडवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"सरका," तो म्हणाला. "ती पोती बाजूला करा."

चौसष्ट वर्षांचा माणूस. तो दाराकडे पाठ करून धावला, तीनच पावलं, पण माझ्यासमोर गवत उभं राहिलं. मग सिमेंटवर गुडघा टेकून घसरला, कण्हला, आणि घसरता घसरताच अंग पिळून त्याने हात फेकला. बोटं हवेत उघडी राहिली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो तोंडभर हसत होता.

आम्ही चौघांनी एकदम दाराकडे वळून पाहिलं, चेंडू कुठे गेला ते बघायला.