आईनं घेतलेलं नाव

माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. घरी नाही की दवाखान्यात नाही, रिसोडहून वाशीमला निघालेल्या आमच्या बैलगाडीत गेली. रिसोडला बायांना बघणारी डॉक्टरीण नव्हती. हे लिहिताना आजही माझं डोकं फिरतं.

पुढच्याच वर्षी, सदतीस साली, नागपूरच्या असेंब्लीची निवडणूक लागली. असेंब्लीआधीच्या कौन्सिलात बसत आलेले मेंबर मतं मागायला आमच्या मळ्यात आले. आई वांगी तोडत होती. तिनं पदर सावरून विचारलं, "भाऊसाहेब, रिसोडले डाक्तरीन कवा येनार?"

"बाई, कौन्सिलात कायदे होतात, बाळंतपणं नाही," मेंबर म्हणाले आणि हसले.

सोबतची माणसंही हसली. मेल्यांना लाज कशी वाटली नाही! आईनं तिथंच ठरवलं, आपलं मत ह्याच्या विरोधात टाकायचं. शेजारच्या मळ्यांतल्या बायाही तिच्या बाजूनं झाल्या. तेव्हा मत सगळ्यांना नसायचं; वडील बागायतीचा शेतसारा भरत म्हणून त्यांना मत होतं, आणि त्यांची बायको म्हणून आईला.

मतदानाला मी तिच्यासोबत गेले. यादीत तिचं नाव नव्हतंच, नुसतं अमक्याची बायको. कारकुनानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, असं आई मनापासून मानायची. मी तोंड उघडलं तर मेंबरांचा माणूस खेकसला, "पोरीनं नाही सांगाचं. बाईनंच सांगाचं!" त्या हरामखोराला आमची रीत पक्की ठाऊक होती. आमच्याकडच्या चार बाया त्यानं सकाळपासून अशाच परत पाठवल्या होत्या.

मग आईनं वडिलांचं नाव घेतलं. सासऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं घेतलं. मत टाकून ती बाहेर आली आणि लिंबाखाली बसून ढसाढसा रडली. "तुह्या बापाले काई झालं तं?" एवढंच म्हणत राहिली.

वडिलांना काही झालं नाही. मेंबरांनाही काही झालं नाही, ते निवडून आले. डॉक्टरीण मात्र आली नाही.

मधे दुसरी जागतिक लढाई झाली, निवडणुका लांबल्या. बऱ्याच वर्षांनी पुन्हा निवडणूक लागली, आणि तेच मेंबर त्याच मळ्यात हजर. आईनं त्यांना चहा दिला, समोर उभी राहिली आणि म्हणाली, "म्या मेलेल्या लेकीसाठी नवऱ्याचं आयुष्य डावावर लावलं, भाऊसाहेब. तुमी काय लावलं?"

त्यांनी खाली मान घालून चहा संपवला, बशी ठेवली आणि पुढच्या मळ्यात मतं मागायला गेले.

मी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते. सातवा महिना होता. मेंबरांची पाठ वळल्यावर आईनं वडिलांना नावानं हाक मारली आणि बैलगाडीच्या आखाला वंगण घालून ठेवायला सांगितलं.