समेवर काळं

अप्पांचा उजवा कान गेला तेव्हा आम्ही कुणी फार मनावर घेतलं न्हाई. डावाही चाललाय, असं बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि माझी झोपच उडाली. जन्मभर भजनात तबला वाजवलेला माणूस, त्याला स्वतःचाच ठेका ऐकू येणार न्हाई? मी शाळेत चित्रकला शिकवते. ठरवलं, कान जायच्या आत अप्पांना त्यांचा ठेका डोळ्यांनी दाखवायचा.

हुमनाबादच्या भंगारातून एक जुना प्रोजेक्टर आणला आणि कोऱ्या फिल्मवर ब्रशनं रंगवायला बसले. एका सेकंदाला चोवीस चौकटी, एकेक चौकट नखाएवढी. माणूस न्हाई, झाड न्हाई, नुसते ठिपके आन् रेघा. "ना हिरो ना हिरोईन, कसलं गं हे पिक्चर?" आई म्हणायची. अप्पांचा तीन मिनिटांचा भजनी ठेका मी फोनवर रेकॉर्ड करून घेतला होता. आठ मात्रा संपल्या की सम, म्हणजे दर शहाण्णव चौकटींनी एकदा. वाजवता वाजवता समेवर अप्पा ओरडायचे, "बंद!" बंद तर बंद. मी दरवेळी तिथल्या चौकटी काळ्या करून टाकल्या.

मैलूरच्या आमच्या घरात भिंतीवर पहिल्यांदा फिल्म लावली. फोनवरचा ठेका आणि प्रोजेक्टर एकदम चालू केले. अप्पा थोडा वेळ बघत राहिले, मग तडकलेच.

"समेला अंधार कामून करायलीस? सगळा जीव तिथंच असतो की!"

"तुम्हीच बंद म्हणलात की!"

अप्पा पोट धरून हसले. "अगं येडे, कन्नडात म्हणलो. बंद, म्हणजे आला! पाहुणा दारात आला म्हणून हाळी घालायलो, आन् तू दारच लावून घेतलीस?"

मी कपाळाला हात लावला. घरात मराठी, बाजारात कन्नड, लहानपणापासून दोन्ही बोलते. पण मोजत होते मराठीत, तर कानानंही मराठीच धरलं. आता पंचेचाळीस समा ब्लेडनं खरवडायच्या आणि तिथं लाल गोळे काढायचे. खरवडताना फिल्म फाटली तर? प्रोजेक्टर बिघडला तर? आणि माझं होईपर्यंत कान राहिला न्हाई तर? अप्पांना विचारलं की ते उडवून लावायचे, "येतंय की ऐकायला, मला काय धाड भरलीय!"

महिन्यानं पुन्हा भिंतीसमोर बसलो. प्रोजेक्टर खडखडला, पहिला लाल गोळा उमटला आणि अप्पांची थाप मांडीवर नेमकी पडली. दुसऱ्याला पडली, तिसऱ्याला पडली, एकही चुकली न्हाई. माझा जीव भांड्यात पडला. मग लक्षात आलं, घाईघाईत मी फोन चालूच केला नव्हता.

तो लावणार तेवढ्यात अप्पा माझ्याकडं वळून हसले. "आज आवाज कसा मस्त बसलाय, व्हय ना?"

"व्हय अप्पा," मी म्हणाले आणि फोन ओढणीखाली झाकून घेतला.