पाचोऱ्याच्या घरातला अनोळखी फोन

आई गेल्यावर आबा पाचोऱ्याच्या घरात एकटेच राहिले. मी धुळ्याला, शाळेत शिकवते. "माझ्याकडे चला" म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "आठेच मना जीव रमस." शेवटी मी त्यांच्या घरी वायफाय बसवून घेतलं, म्हणजे व्हिडिओ कॉलवर निदान तोंड तरी दिसेल. बसवणाऱ्याने माझ्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं. आबांच्या वायफायला कोणकोणते फोन जोडलेले आहेत ते मला धुळ्यात बसून दिसायचं. नको असेल तो बंदही करता यायचा.

तोंड काही फारसं दिसलं नाही. आबा फोन असा धरायचे की मला त्यांचा कान आणि वरचा पंखा दिसे. बोलणंही तेवढंच.

"जेवलात?"

"जेवनू."

"बरं आहे ना?"

"बठ्ठं बरं शे."

मग मला त्या ॲपचीच सवय लागली. मधल्या सुटीत डब्याच्या आधी मी ते उघडायची. यादीत 'आबा' दिसलं की ते घरात आहेत. टीव्ही जोडला गेला की बातम्या बघताहेत. संध्याकाळी 'आबा' यादीतून गेलं की पारावर निघाले. तेवढ्यावरून मी सगळं घर डोळ्यांपुढे आणायची. ओट्याखाली काढलेल्या त्यांच्या चपला, वर ओढल्याशिवाय न लागणारी दाराची कडी, आईने लावलेला कढीपत्ता. धुळ्यात मला काही कमी नव्हतं. तरी दिवसातून चार-पाचदा मी त्या घरात जाऊन येत होते.

एके दिवशी यादीत तिसरी ओळ आली. नाव नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. मग ती रोजच दुपारी दोनच्या सुमाराला यायची आणि चारला जायची.

"आबा, दुपारी कोणी येतं का घरी?"

"कोन येई? कोनी नही."

ते इतक्या पटकन म्हणाले की मी घाबरले. एकट्या म्हाताऱ्या माणसांना गोड बोलून फसवल्याच्या गोष्टी स्टाफरूममध्ये सारख्या ऐकत होते. मी ती ओळ ब्लॉक करून टाकली.

त्यानंतर तो फोन दिसला नाही. पण दुपारभर टीव्ही चालू राहू लागला. आबांना दुपारी टीव्ही कधीच लागत नसे. त्यांचा आवाजही उतरला होता. पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं, "बेटा, ते वायफाय बिघडनं का?"

"तुमचा फोन चालतो ना?"

"मना चालस," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

रविवारी सकाळच्या एसटीने मी पाचोऱ्याला गेले. पाणी प्यायले आणि सांगून टाकलं, "आबा, वायफाय बिघडलेलं नाही. एक अनोळखी फोन मीच बंद केलाय. कोणाचा होता तो?"

आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "तुना काकाना."

काका आबांचा धाकटा भाऊ. आई लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जात होता, तिनेच त्याला वाढवलं. लहानपणी त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून मी सगळं पाचोरं फिरले आहे. पुढे शेताच्या वाटणीवरून दोघा भावांत अबोला आला. आई दवाखान्यात होती तेव्हा काका फिरकला नाही. दहाव्याला आला, तेव्हा मी चारचौघांत त्याला म्हटलं होतं, "आता या उंबऱ्यात पाय ठेवू नका."

आणि तो आला होता. त्याच्या मुलीला सुरतेला मुलगी झाली होती, त्याच्या घरात रेंज नव्हती, आणि नातीचं तोंड बघायला तो फोन घेऊन आबांच्या दारात उभा राहिला होता. आबांनी पासवर्ड दिला. मग दोघं रोज दुपारी बाळ बघायचे आणि चारचा चहा पिऊन उठायचे. आबांनी हे लपवलं ते माझ्या भीतीने.

काकाचं घर दोन गल्ल्या सोडून. मी एकटीच गेले. तो दारातच बसला होता, किती वाळला होता! मला बघून उठून उभा राहिला.

"काका, फोन मी बंद केला होता. आबांनी नाही."

"माले वाटनं, भाऊनी पासवर्ड बदली टाका," तो म्हणाला. "म्हनलं, पुरं झायं. तू बठ, चाय ठेवस."

चहा झाला. कप खाली ठेवत त्याने विचारलं, "वहिनीनी कधी मनं नाव काढं का?"

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"काढलं काका. दोनदा. बोलाव म्हणाली. मीच निरोप दिला नाही. मला वाटायचं, तुम्ही आपणहून यायला हवं होतं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. उपरण्याने डोळे पुसत तो म्हणाला, "दवाखानाना बाहेर बसेल व्हतू मी. दोन दिन. आत येवानी हिम्मत व्हयनी नही."

तेव्हा मी दवाखान्याच्या आतल्या जिन्यावरून दिवसातून दहादा खाली-वर करत होते, औषधं आणत होते. मला तो दिसला नव्हता. मग त्याला आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सगळं सांगत बसले. काय खात होती, कशावर हसली, कोणत्या कुशीवर झोपायची. त्याला प्रत्येक गोष्ट हवी होती.

सोमवारची रजा टाकली. दुपारी काका आला. उंबऱ्यापाशी थांबला, तेव्हा मी हात धरून त्याला आत घेतलं. फोन जोडून दिला. सुरतेहून बाळ दिसलं आणि त्याने एवढी मोठी जांभई दिली की दोघं भाऊ एकदम हसले. आबांना असं हसताना मी आई गेल्यापासून बघितलं नव्हतं. हात पुसत आई बाहेर येईल म्हणून माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली आणि कितीतरी वेळ तिथेच राहिली.