दोन कागद एकदम

शरणपूर रोडवरच्या भरती परीक्षांच्या कार्यालयात सावळीराम बोरस्ते कामाला लागला, तेव्हा उत्तरपत्रिका तपासायचं यंत्र म्हणजे भोकं पाडलेला एक पुठ्ठा होता. पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, भोकांतून पेन्सिलीचे काळे गोल दिसतील तेवढे मोजायचे आणि आकडा लिहायचा. सोळा वर्षं त्याने हेच केलं. मोजायची खोड अशी अंगात मुरली, की घरी पोह्यांतले शेंगदाणेसुद्धा तो मोजून खायचा. बायको भिमाबाई रोज विचारायची, “आज किती निघाले?” आणि हा खरंच सांगायचा.

चौऱ्याऐंशी साली खरं यंत्र आलं. कपाट आडवं पाडावं एवढं धूड. एका बाजूला कागदांचा गठ्ठा ठेवायचा, की ते एकेक कागद आत ओढून दिव्याच्या उजेडात काळे गोल वाचायचं. बोरस्त्यांची खुर्ची आता गेली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पण मुंबईला शिकायला जायला कुणी तयार होईना, म्हणून तीन आठवड्यांसाठी सावळीरामलाच धाडलं. येताना तो एक वही भरून घेऊन आला. यंत्राचं काही बिनसलं की ते थांबायचं, लाल दिवा लावायचं आणि खिडकीत एक आकडा दाखवायचं. वहीत आकड्यांचे अर्थ होते. दोन: कागद अडकला. तीन: खूण पुसट. पाच: दोन कागद एकदम.

“तोंड फुगवून बसत नाही, काय दुखतंय ते सांगतं,” तो कौतुकाने म्हणायचा. हे घरी बोलायची मात्र त्याची छाती नव्हती.

शहाऐंशीच्या दसऱ्याला रविवार आला, म्हणून यंत्राची पूजा शनिवारीच उरकली. सावळीराम त्यावरचं फडकं काढायला तयार नव्हता. कार्यालयात शिपाई असलेल्या वत्सलाबाई लासलगावकडच्या. त्या म्हणाल्या, “झाकल्या देवाला कोन हळद लावतं, भाऊ?” फडकं निघालं. वत्सलाबाईंनी ताटलीत हळदीच्या पिवळ्या अक्षता केल्या होत्या. कार्यालयप्रमुख गद्रे साहेबांनी स्वतःपुरती कुंकवाच्या अक्षतांची पुडी घरून आणली होती. सगळ्यांनी अगदी लग्नात टाकाव्यात तशा अक्षता टाकल्या. सावळीरामनेही टाकल्या, आणि नंतर यंत्र दोनदा पुसून घेतलं.

सोमवारी सकाळी पहिल्याच गठ्ठ्यातले सतरा कागद सरळ गेले. अठराव्याला यंत्र थांबलं. लाल दिवा, खिडकीत पाच.

सावळीरामने कागद बाहेर काढला. एकच होता. कडा चोळून पाहिली, फुंकर मारली. एकच. परत घातला, पुन्हा पाच. दुसरा कागद घातला, तरी पाच.

गद्रे साहेब येऊन मागे उभे राहिले. “बोरस्ते, उद्या संध्याकाळपर्यंत साडेतीन हजार उत्तरपत्रिका व्हायला हव्यात. मुंबईचा इंजिनिअर बुधवारच्या आत येत नाही. आणि त्याने हाताळणीतली चूक म्हणून लिहून दिलं, तर यंत्र कायमचं पुण्याच्या कार्यालयात जाईल. मग तुम्ही आहात आणि तुमचा पुठ्ठा आहे.”

“बघतो, साहेब.”

“फोन लावायला सांगतोय मी,” म्हणून साहेब गेले.

शनिवारी आपण अक्षता टाकल्या, हे सावळीरामला लाल दिवा लागताच आठवलं होतं. पण आठवणं वेगळं आणि सापडणं वेगळं. त्याने वही उघडली. पाचच्या पुढे त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: कागद मोजत नाही, जाडी बघतं. कागदावर एक छोटं चाक टेकतं, ते जास्त उचललं गेलं की थांबतं.

त्याने सगळे कागद काढून घेतले आणि यंत्र रिकामंच चालवलं.

पाच.

“कागदच नाही, आणि म्हणे दोन!” तो मोठ्याने बोलला.

“लय रागावलंय का?” दारातून वत्सलाबाई.

“रागावलं नाही हो, बाई. खरं तेच सांगतंय बिचारं. चाक कशावर तरी चढून बसलंय. बॅटरी आणा.”

झाकण उघडून त्याने बॅटरीचा झोत टाकला. चाकाच्या दांडीखाली तांदळाचा एक दाणा मांडी घालून बसला होता. दोन दिवस वर कुठेतरी अडकलेला असणार, कागद धावू लागले तसा हादऱ्याने खाली आला. चिमट्याने दाणा काढला. यंत्र रिकामं चालवलं. दिवा हिरवा.

आता खरी मेख होती. अठरावा कागद वाचला गेला होता, की नव्हता? दोनदा मोजला तर घोटाळा, वगळला तर एका पोराची नोकरी हुकायची. वाचलेले कागद मोजणाऱ्या दुसऱ्या खिडकीत सतरा होते. म्हणजे नव्हता. तो कागद त्याने पुन्हा वर ठेवला आणि गठ्ठा सोडला. खिडकीत पन्नास येईपर्यंत तो एकेक आकडा पुटपुटत राहिला. गठ्ठाही पन्नासाचाच होता.

तळहातावर दाणा घेऊन तो साहेबांच्या टेबलाशी उभा राहिला. “साहेब, यंत्र चालू झालं. चूक माझी. पूजेला फडकं काढायला नको होतं. हा माझ्या हातचा...”

“आपल्या पिवळ्या व्हत्या, भाऊ,” मागून वत्सलाबाई म्हणाल्या.

दाणा लालभडक होता.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. दाण्याचा रंग काही बदलला नाही. मग त्यांनी फोन उचलला. “मुंबईचा नंबर लागला नसेल ना? नाही? राहू द्या.” फोन ठेवून ते खाली बघत म्हणाले, “बोरस्ते, नोंदवहीत कारण लिहावंच लागतं का?”

“लागतं, साहेब.”

“रंगासकट?”

“दाणा एवढंच लिहितो.”

साहेबांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला, की टेबलावरचे कागद हलले. सावळीरामने लिहिलं: आकडा पाच. कारण, तांदळाचा एक दाणा. काढला. अठरावा कागद पुन्हा घातला. गठ्ठा पन्नास, बरोबर.

मंगळवारी चारलाच साडेतीन हजार पुरे झाले. घरी गेल्यावर भिमाबाईने पोह्यांची ताटली पुढे केली आणि रोजचंच विचारलं, “आज किती निघाले?”

“कोण मोजतंय,” सावळीराम म्हणाला आणि दुसऱ्यांदा पोहे वाढून घेतले.