शेलार बाईंचं खोटं गोड

मधल्या सुट्टीत आम्ही सगळे शिक्षक डबे उघडायचो, तेव्हा शेलार बाई खिडकीपाशी जायच्या. ओल्या फडक्यात गुंडाळलेला डाएट कोलाचा कॅन पिशवीतून काढायच्या, काचेच्या ग्लासात ओतायच्या आणि लगेच प्यायच्या नाहीत. ग्लास उजेडात धरून बुडबुडे वर येताना बघत राहायच्या. खाली मैदानावर पोरांचा कल्ला चाललेला, लांब सावित्री नदीच्या काठची झाडं उन्हात पेंगुळलेली, आणि बाई आणखी कुठेतरी. मग डोळे मिटून एक घोट. इतका सावकाश, की त्या पीत नाहीत, काहीतरी ऐकतायत असं वाटावं.

महाडच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. बाई विज्ञान शिकवायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ग्लास पुढे करून विचारलं, "घोटभर घेणार?"

मी अवघडून म्हणाले, "नको बाई. तब्येतीला वाईट असतं ना हे?"

त्या रागावल्या नाहीत. वर्गात एखाद्या पोराने बरा प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा उजळायचा, तसा उजळला. "कोणाच्या तब्येतीला?" त्या म्हणाल्या. "आणि कशाच्या ऐवजी?"

हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. पुढे तो मी कितीदा ऐकला असेन! साखरेचं कोल्ड्रिंक सोडून हे पीत असाल तर बरं. पाणी सोडून पीत असाल तर वेडेपणा. एवढंच त्यांचं म्हणणं. पोरांनी कधी धिटाईने विचारलं, "बाई, तुम्ही पिता, मग आम्ही प्यायलं तर काय झालं?" तर त्या म्हणायच्या, "माझी ही कुबडी आहे रे. धडधाकट माणसाने हौस म्हणून कुबडी घेऊन चालू नये."

बाईंना मधुमेह होता, चाळिशी ओलांडताच लागलेला. गोळ्यांनी भागेना, तेव्हा इंजेक्शनं सुरू झाली. आणि गोडाची ओढ तर अशी, की मिठाईच्या दुकानासमोरून जाताना त्यांची चाल आपोआप मंदावायची. त्या मूळच्या पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या, डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीतल्या. वडिलांच्या म्हशी होत्या. नाचणीची भाकरी गुळाशी खायची आणि डोंगर उतरून शाळेला यायचं, असं त्यांचं बालपण. लग्न केलं नाही. चवदार तळ्याजवळच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि संध्याकाळी तळ्याला फेरी घालायच्या. मार्चमध्ये तिथे लांबलांबून माणसं येतात, तेव्हा बाई रस्त्याच्या कडेला पाण्याचं पिंप मांडून उभ्या असायच्या. मी एकदा गमतीने म्हटलं, "बाई, आज तुमचा कॅन नाही?" ग्लास भरता भरता त्या म्हणाल्या, "या गावात पाण्यापेक्षा मोठं पेय नाही गं. इथे माणसं पाण्यासाठी चालत आली होती." मग दिवसभर त्यांनी दुसरं काही तोंडाला लावलं नाही.

एके दिवशी हेडसर हातात फोन नाचवत स्टाफरूममध्ये आले. "शेलार बाई, वाचा! तुमच्या त्या गोडव्यावर कॅन्सरचा संशय आहे म्हणे. शिवाय हाडं विरघळतात, स्मरणशक्ती जाते..."

बाईंनी चष्मा लावून सगळं शांतपणे वाचलं. "पहिली ओळ बातमी आहे, सर. पुढचं कोणीतरी घरी बसून शिजवलंय." मग फोन परत देत म्हणाल्या, "आणि पहिल्या ओळीतला 'संशय' हा शब्द नीट वाचा. संशयिताला कोणी लगेच फाशी देत नाही. पण त्याच्या हातात घराची किल्लीही देत नाहीत. म्हणून मी दिवसाला एकच पिते."

"म्हणजे चांगलं की वाईट? एक काय ते सांगा ना!"

"पूर्ण माहीत नाही, सर. विज्ञानात 'माहीत नाही' हेसुद्धा उत्तर असतं. फक्त त्याला टाळ्या पडत नाहीत."

रविवारी कधी आम्ही दोघी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायचो. सकाळचं धुकं आणि पाण्याची वाफ एकमेकांत मिसळलेली असायची. समोरचं माणूस अर्धं दिसायचं, अर्धं नाही. बाई काठावर बसायच्या, पण पाय बुडवण्याआधी मला म्हणायच्या, "तू हात घालून बघ गं. माझ्या पायांना आता खोटं बोलायची सवय लागलीय. भाजलं तरी सांगायचे नाहीत." पाणी जरा निवलेल्या जागी मी त्यांना बसवायचे. मग त्या वाडीच्या गोष्टी सांगायच्या. तिथे ढग कसे दारातून घरात शिरतात, म्हशी धुक्यात दिसत नाहीत पण त्यांच्या घंटा कशा ऐकू येतात. सांगता सांगता मध्येच थांबायच्या, आणि मीही विचारायचे नाही.

एकाच गोष्टीवर त्यांचा आवाज जड व्हायचा. वाडीत त्यांचे थोरले भाऊ होते, धोंडूदादा. म्हैस व्याली की दादा चिकाचा खरवस करवून घ्यायचे, भरपूर गूळ घातलेला, आणि एसटीच्या ड्रायव्हरबरोबर महाडला पाठवायचे. मधुमेह झाल्यापासून बाई तो डबा तसाच शाळेत आणायच्या आणि आम्हाला वाटून टाकायच्या. हे कधीतरी दादांच्या कानावर गेलं. त्यानंतर डबा यायचा बंद झाला. दादांनी एवढाच निरोप धाडला होता, "भनीला आमच्या हातचं विख वाटाया लागलं."

दिवाळीनंतरच्या एका सकाळी बाई मला म्हणाल्या, "वाडीवर येतेस? म्हैस व्यालीय. मी वहिनीकडून माझ्यापुरता वेगळा खरवस करून घेणार आहे, ही पावडर घालून." त्यांनी बिनसाखरेच्या गोडव्याची छोटी डबी दाखवली. "उकळीत कडवट होत नाही ती शोधून आणलीय. दादासमोर बसून खाईन. मग तरी त्याचा राग जाईल."

वाडीच्या देवीसाठी बत्ताशांचा पुडा घेऊन आम्ही निघालो. पोलादपूरच्या स्टँडवर बाईंनी सकाळचं इंजेक्शन घेतलं, पण खाल्ला फक्त अर्धा वडापाव. मी आग्रह केला तर हसून म्हणाल्या, "खरवसाला पोटात जागा नको?" तिथून जीप केली. रस्ता पुढे खणून ठेवलेला निघाला, त्यामुळे जीपवाल्याने आम्हाला खूपच खाली उतरवलं. उरलेला डोंगर पायी चढायचा होता.

सुरुवातीला मजेत चाललो. दरीतून ढग वर येत होते, कारवीच्या झुडपांवर दव होतं. बाई बोलत होत्या, आणि त्या दिवशी फारच सुंदर बोलत होत्या. त्यांचं शाळेतलं नेटकं मराठी हळूहळू गळून पडलं. "ती बघ, चांदी म्हस. आये येताय पाठून." मला वाटलं, गावची हवा लागली, आठवणींत रमल्या आहेत. मी हूं हूं करत ऐकत राहिले. मग त्या एका दगडावर बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आये, मला शाळंत नाय जायचा आज." त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. थंडीत. हात धरला तर तो थरथरत होता.

तेवढ्यात वरून कोणीतरी भराभरा उतरताना दिसलं. डोक्याला मफलर बांधलेले धोंडूदादाच होते ते, आम्हाला न्यायला आलेले. "काय झालं गो हिला?"

"साखर उतरली असणार, दादा. काहीतरी गोड द्यायला हवं," मी म्हणाले आणि बाईंच्या पिशवीत हात घातला. ग्लुकोजची पुडी त्या नेहमी जवळ बाळगायच्या, पण ती रोजच्या पर्समध्ये राहिली होती आणि आज त्यांनी प्रवासाची मोठी पिशवी घेतली होती. दादांच्या हाताला कॅन लागला. "हा काय! हे गोडच हाय. पाज तिला!" त्यांनी तो फोडला आणि बाईंच्या ओठांना लावला. बाई दोन घोट प्यायल्या. तिसऱ्याला त्यांनी मान फिरवली. आपल्या भावाकडे बघून लहान मुलीसारख्या हसल्या आणि म्हणाल्या, "दादा, ह्ये खोटं गोड."

मी कॅन हातात घेतला. त्यावर ठळक शून्य होतं. बाईंच्या अंगातली साखर संपत चालली होती आणि आम्ही त्यांना साखर नसलेलं पाजत होतो. "दादा, यात साखर नाहीच! बत्तासे, बत्तासे कुठायत?"

पुडा काढला, पण उघडताना माझा हात अडखळला. दादांच्या ते लक्षात आलं असावं. "फोड गो! देवी काय रागवायची नाय. हिलाच जगवायला आणलंस तू." मी कागद फाडला. बाई गिळू शकत होत्या, हे नशीब. एक बत्तासा त्यांच्या जिभेवर ठेवला. तो विरघळला. मग दुसरा, मग आणखी. दादा खाली बसून बहिणीची पावलं चोळत होते आणि एकच धोशा लावला होता, "वच्छे, उठ. वच्छे, उठ गो." एवढ्या मोठ्या वत्सला शेलार बाईंना कोणी वच्छी म्हणतं, हे मला तेव्हा कळलं.

हळूहळू घाम थांबला. ढग अंगावरून निघून जावा तसं त्यांच्या डोळ्यांतलं काहीतरी सरकलं आणि त्या आम्हाला ओळखू लागल्या. "मी काही बोलले का?" त्यांनी पहिला प्रश्न केला.

"नाय गो," दादा म्हणाले आणि मफलरने तोंड पुसू लागले. "काय नाय बोललीस."

घरी पोहोचल्यावर वहिनींनी आधी गरम भाकरी आणि भाजी पुढ्यात ठेवली. ती संपेपर्यंत दादा उठू देईनात. चुलीवर दोन पातेल्यांत खरवस शिजला, एक गुळाचा आणि एक बाईंच्या डबीतल्या पावडरीचा. बाई थकलेल्या होत्या, तरी वहिनींना सांगत होत्या, "त्या डोंगरात माझा जीव साखरेने वाचवला, हे खरं. पण म्हणून रोज साखर खायची नसते, वहिनी. आग लागली म्हणून पाणी ओततात. म्हणून काय जन्मभर पाण्यात बसायचं?"

वड्या पडल्या. बाईंची ताटली वेगळी वाढली. गुळाचा खरवस दादांसमोर होता. त्यांनी तो बाजूला सरकवला आणि बहिणीच्या ताटलीतली एक वडी उचलून तोंडात टाकली. तोंड वाकडं झालं ते लपेना. "पाठीमागनं कसलातरी लोखंडी लागतो."

"लागतो खरा," बाई म्हणाल्या. "नको खाऊस. तुझा तो घे."

"गप." त्यांनी दुसरी वडी उचलली. "तू एकलीच कशाला खातेस?"

बहीणभाऊ त्या ताटलीतून शेवटपर्यंत खात होते. दारात ढग आला होता, घरात सगळं पांढुरकं झालं होतं. मी गुळाचा खरवस खाल्ला. तितका चांगला पुन्हा कधी खाल्ला नाही.

निवृत्तीनंतर बाई वाडीवर राहायला गेल्या. फोनवर कळायचं की कॅन आता सुटलाय. एवढ्या वर कोण आणून देणार, आणि झऱ्याचं पाणी आहेच. पण किडन्या आधीच थकल्या होत्या. मुंबईला उपचार झाले, परत आल्या, आणि गेल्या उन्हाळ्यात दुपारच्या झोपेतच गेल्या.

दिवसकार्याला गेले तेव्हा ओटीवर बसलेल्या पाहुण्यांत तीच चर्चा होती. मुंबईहून आलेला एक भाचा सांगत होता, "मी बोललो होतो आत्याला. ते डाएटवालं सगळं केमिकल. त्यानेच किडनी खराब झाली." माणसं माना हलवत होती. मी म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांचा मधुमेह होता." पण माझ्या बोलण्यात केमिकल नव्हतं, त्यामुळे कोणी फारसं ऐकलं नाही.

जेवणं झाल्यावर धोंडूदादा मला घराच्या मागे, जिथून दरी दिसते तिथे घेऊन गेले. काठी टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "बाय, तू तिच्यासंगं होतीस. खरं सांग. त्या खोट्या गोडाच्या डब्यांनी गेली का ती?"

मला खोटं बोलवेना. "तसं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, दादा. त्यांनीच म्हटलं असतं, माहीत नाही. पण मला विचाराल तर, त्यांना नेलं ते आजाराने. फार वर्षांच्या."

"मंग त्या साखरंनं?"

"साखरेनेच असंही नाही. हा आजार घराण्यातही असतो, अंगातही असतो. बाई काळजी घ्यायच्या, तरी झालं."

दादांनी काठीने जमिनीवरचा एक दगड उगाच सारला. "म्हंजी डब्यांचा दोष नाय, गुळाचा नाय, आमचा पन नाय."

"नाही, दादा."

"मंग शिव्या कोनाला घालायच्या गो?"

"कोणालाच नाही."

त्यांनी मान डोलावली. खाली दरीत ऊन होतं, आणि कुठल्यातरी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"म्हंजी नुसतंच रडायचं," ते म्हणाले. आणि काठी बाजूला ठेवून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, ते रडले.