चुंबकाला न कळणारी माती

चुंबक सगळं लोखंड आपोआप निवडून काढतो, तर मग त्याच्या शेजारी दिवसभर माणूस कशासाठी उभा करतात, असं तुम्ही कधी कुणाला विचारलंय?

तिथे माझे बाबा उभे असतात. जालन्याच्या बाजूला, भंगार वितळवणाऱ्या एका कारखान्यात. फिरत्या पट्ट्यावरून पत्रे, सायकली, मोडके पंखे, सगळं एकत्र येतं. पट्ट्याच्या टोकाला चुंबकाचा मोठा रूळ फिरतो. लोखंड त्याला चिकटून वळतं आणि खाली पडतं. तांबं, पितळ, जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम पुढे वेगळ्या ढिगात जातं. पण चुंबकाला डब्याचा पत्रा तेवढा कळतो, आत काय कोंबलंय ते कळत नाही. तोंड बंद असलेला डबा, गाडीचा शॉकअप, गॅसची टाकी हाताने बाजूला काढायची, हे बाबांचं काम.

आमच्या गावी, साखऱ्याला, ते वर्षातून दोन सणांना येतात. एरवी फोन. भाकरी थापताना आई तो त्यांच्या पाटावर ठेवते आणि पाटाकडे बघून बोलते.

मागच्या उन्हाळ्यात ते फोनवर हसत होते. "आज एक डबा फोडला तर आत माती! ठोकून ठोकून तोंड बंद केलेलं. वजन वाढवायला, दुसरं काय. पण काळी हाय बरं का, आपल्या रानातल्यासारखी. बोटाची सुटून न्हाई राहिली."

"मग फेकली का?" आईने विचारलं.

"फेकतो कशाला? खोलीसमोर मिरची लावली तिच्यात."

"हितं एवढं रान पडलंय, अन् तुमी तिथं डब्यात शेती करा!"

फोन ठेवल्यावर आई माझ्याकडे बघेना. होळीच्या आसपास आम्ही दोघींनीच तीन डब्यांत ओली माती कोंबून ते भंगारवाल्याला दिले होते. तो काट्यात मारतो, म्हणून आम्ही मातीत मारायचं. गावात बरेच जण करतात. बाबांच्या हातात आला तो डबा आमचाच होता असं नाही. नव्हता, असंही मला म्हणता येत नाही.

पावसाळ्यात असा एक डबा नजरेतून सुटला. मातीतल्या पाण्याची भट्टीत एकदम वाफ झाली आणि वितळलेलं लोखंड उसळलं. बाबा तेव्हा भट्टीजवळून चालले होते. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्यांनी घरी यावं म्हणून मी दिवस मोजत होते. ते आले, हाताला पट्टी बांधून. पाटावर बसून डाव्या हाताने जेवू लागले, तेव्हा मी उठून बाहेर गेले.

मग मी पत्रक लिहायला घेतलं. बाबांनी मोर्चांतून आणलेल्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले. राग आला की मला तेच सुचतं. मालक जाड कोट देत नाही, पट्ट्याचा वेग वाढवतो, दोघांचं काम एकाच्या गळ्यात घालतो, सगळं लिहिलं आणि बाबांना वाचून दाखवलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "अन् डब्याचं?"

मी कागदाची घडी घालू लागले.

"काहून गं? डबे मालकानं भरले का?"

"आमी भरले," चुलीपाशी बसलेली आई म्हणाली. "गावानं भरले, तसे आमी बी."

बाबांनी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग म्हणाले, "मग आधी तेच लिही."

हात बरा झाला तसे ते परत गेले. आता फोन आला की आई पहिल्यांदा विचारते, "आज किती डबे निघाले?" आकडा ऐकेपर्यंत दुसरं काही बोलत नाही.

कोटासाठी मालकाशी मी भांडणारच आहे. तुम्ही एवढं करा: भंगार देताना डब्याचं झाकण काढा, तो उपडा करून रिकामा करा. बंद तोंडाची वस्तू भंगारवाल्याला सांगून वेगळी द्या. आणि वजनासाठी माती भरून ठोकलेला डबा आज तुमच्या अंगणात पडलेला असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा आणि तो उघडा.